अर्थ शेवटी बघायचा

“शेवटी शेवटी बाईचं डोकं जाग्यावर नोतं वाटते व. हे पाह्य, कणकेच्या डब्यात रेडिओ ठेवला.”

मूर्तिजापूरच्या काकू तुझ्या ओट्यासमोर उभ्या होत्या. एका हातात स्टीलच्या डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात माझा छोटा काळा स्पीकर. पाहुण्यांसाठी पोळ्या करायच्या होत्या आणि कणिक शोधता शोधता त्यांना तो सापडला होता. शेजारच्या लताताई कडेवरच्या नातीला थोपटत म्हणाल्या की दवाखान्यातसुद्धा बाईंच्या कानात सारखं काहीतरी घातलेलं असायचं, परदेशी गाणी म्हणे, एक शब्द कळत नव्हता. काकूंनी स्पीकर उलटासुलटा करून पाहिला आणि खिडकीत ठेवून दिला.

“मरनाच्या टायमाले मानसानं वंदना आयकावं का हे आयकावं?”

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आत्या. सांगायला हवं होतं की तो रेडिओ नाही. रिकाम्या डब्यात ठेवला की त्याचा आवाज मोठा आणि गोल होतो, हा शोध तुझा आहे, आणि त्यासाठी तू तुझी कणिक वर्षभर पिशवीत ठेवलीस. बुद्धवंदना तू रोज सकाळी स्वतः म्हणायचीस, ती ऐकण्यासाठी तुला कोणी लावून द्यायची गरज नव्हती. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी रिकामे कप उचलले, ट्रे धुतला, परत बाहेर नेला. मागून काकूंचा आवाज आला, पोट्टी रडली बी नाई. मी तेही ऐकलं.

मी फार थकले आहे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू म्हणशील, अशी काहून लिहून राह्यली व, झोपेत असल्यावानी. खरंच झोपेत असल्यासारखीच आहे. माणूस गेल्यावर इतकं काम असतं हे मला माहीत नव्हतं. गाद्या आणायच्या, पाण्याचे कॅन मोजून घ्यायचे, कोण कोणत्या गाडीनं येतंय त्याला स्टेशनवर घ्यायला कोणीतरी पाठवायचं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, कधी अॅडमिट केलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी शुद्ध होती का. पप्पा सांगतात. मी पाणी देते. दरवेळी ते त्याच शब्दांत सांगतात आणि दरवेळी त्याच जागी थांबतात.

त्यांनी छापून घेतलेल्या पत्रकात तुझं सगळं आलं आहे. जन्म, टेलिफोन खात्यातली नोकरी, निवृत्ती, शोकाकुल परिवार. त्यात रविवार नाहीत.

रविवारी सकाळी मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडायचे. मम्मीला वाटायचं, एकट्या राहणाऱ्या बाईला तेवढीच सोबत. पप्पांना वाटायचं, पोरगी आठवडाभर घरात लॅपटॉपसमोर बसून लोकांचं इंग्रजी तपासते, तेवढीच हवा बदलते. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. पण मी यायचे ते एका प्रश्नासाठी. आठवड्यातून एकदा तू मला एक प्रश्न विचारायचीस आणि त्याचं उत्तर चुकलं तरी चालायचं. असं दुसरं ठिकाण माझ्याकडे नव्हतं.

सुरुवात तुरीच्या शेंगांपासून झाली. वर्ष संपत आलं होतं, तू मीठ घालून उकडलेल्या शेंगा सोलत बसली होतीस आणि मी फोनवर एक पान वाचत होते, त्या वर्षातले सगळ्यात चांगले वर्ल्ड म्युझिकचे अल्बम. तू विचारलंस, हे काय असते. मी म्हटलं, जगभरातलं संगीत. आफ्रिका, मंगोलिया, असं.

“म्हंजे इंग्लंड-अमेरिका सोडून बाकीचे.”

साधारण तसंच, मी म्हटलं.

“आन आपन?”

आपण पण त्यातच.

तू एक शेंग तोंडात धरून विचार केलास. मग म्हणालीस की एवढं जर आहे तर आपली यादी आपणच करू, लोकांची कशाला वाचायची. पुढच्या वर्षी जे निघेल तेवढंच ऐकायचं, जुनं नको. “ताजं पाह्यजे. भाजीवानी.” आणि डिसेंबरच्या शेवटी बसून पाच निवडायचे, त्यांना नंबर द्यायचे.

नियम मात्र तुझ्या नोकरीतून आला. तू अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचीस. लाइन लागली का, हे कळायला क्षणभर कानाला लावावं लागायचं, आणि ऐकायचं तर नाही, असा दंडक. तू त्यातून मधला रस्ता काढलास. शब्द सोडून द्यायचे, आवाज तेवढा ठेवायचा. नुसत्या आवाजावरून तुला कळायचं म्हणे, कोणाच्या घरी मयत झाली, कोणाला नोकरी लागली, कोण बायकोशी खोटं बोलतो आहे. किती वेळा बरोबर निघायचं असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तपासाले कोन गेलं होतं. त्या यंत्रांच्या जागी नवी यंत्रं आली, तुला बिलाच्या खिडकीत बसवलं, आणि तिथे सगळे फक्त भांडायला यायचे. तिथले आवाज ऐकण्यात मजा नव्हती, असं तू म्हणायचीस.

तर नियम असा. अल्बम पूर्ण होईपर्यंत मी फोनवर काहीही शोधायचं नाही. मग तू विचारणार, “कायचं गानं हाये?” आधी तू सांगायचं, मग मी. दोघींचं सांगून झालं की मगच अर्थ. अर्थ शेवटी बघायचा.

आपण बहुतेक वेळा चुकलो. कॉकेशसच्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांचा तो अल्बम आठव. वाद्य नाही, नुसते गळे, एकावर एक रचलेले. तू डोक्यावरून पदर घेतलास. म्हणालीस, गावात मयत झाली, मोठा मानूस गेला. मलाही तसंच वाटलं. नंतर वाचलं तर ते मेजवानीला बसल्यावर पेला उचलून म्हणायचं गाणं निघालं. तू पदर खाली घेतलास आणि विचारलंस, “इतके गंभीर होऊन जेवतात?” माझ्या नाकातून चहा आला. मंगोलियातला तो एकटा माणूस एका गळ्यातून दोन आवाज काढत होता, एक तळाशी जाड, एक वर शिट्टीसारखा. तू ताठ बसून ऐकलंस. “क्रॉस कनेक्शन झालं व याचं.” अल्बमची खरी नावं तू कधीच घेतली नाहीस. डोंगरातले बुवे, क्रॉस कनेक्शन, बेटावरच्या बाया, टाळ्यावाल्या, बंदरवाली. मी फोनमधल्या यादीतही शेवटी तीच नावं टाकली.

टाळ्यावाल्या आणि बंदरवाली यांच्यावरून आपलं भांडण झालं ते अजून संपलेलं नाही.

टाळ्यावाल्या तुझ्या. कोलंबियातल्या कुठल्याशा नदीकाठच्या म्हाताऱ्या बायका, ढोल आणि टाळ्या, एक म्हणते आणि बाकीच्या तिला उत्तर देतात. बंदरवाली माझी. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटं आहेत तिथल्या एका बंदरातली बाई, गिटार आणि तिचा थकलेला आवाज. मी म्हणायचे, टाळ्यावाल्यांचं रेकॉर्डिंग कच्चं आहे, मध्येच कोंबडा ओरडतो. तू म्हणायचीस, कोंबडा आयकू येते म्हंजे त्या खरंच कुठीतरी बसून गायल्या.

“तुह्या बंदरवालीच्या मांगं काईच आयकू येत नाई. थे कुठी उभी हाये?”

स्टुडिओत, मी म्हटलं.

“आन घर कुठी हाये तिचं?”

मी चिडले होते. फारशी चिडत नाही मी, पण तुझ्यावर चिडता यायचं. मी म्हटलं, ती एकटी आहे, म्हणून तिचा आवाज एकटा वाटतो, तेच तर त्यातलं चांगलं आहे. तू उठून गॅस बारीक केलास आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोललीस.

“एकटं राह्यनं येगळं, सावू. मी बी एकटीच राह्यते. मी अशी वाजते का?”

तू कढीत गोळे सोडत राहिलीस आणि म्हणालीस, राहू दे, डिसेंबरात पाहू. एकतीस तारखेला तू दवाखान्यात होतीस आणि आपण नंबर दिले नाहीत. पहिल्या नंबरची जागा फोनमध्ये अजून कोरी आहे. मी आता सहज बंदरवालीचं नाव लिहू शकते, अडवायला कोणी नाही. तेवढ्याचसाठी लिहवत नाही.

माझं नाव श्रावस्ती आहे आणि मला सावू म्हणणारी तू एकटीच होतीस. तू गेल्यापासून मला सगळे पूर्ण नावानं हाक मारत आहेत. कोणीतरी ऑफिसात बोलावल्यासारखं वाटतं.

बेटावरच्या बायांची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तूही सांगितली नसशील. लताताईंची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि बाळ रात्रंदिवस रडायचं, भिंतीतून आपल्याला ऐकू यायचं. त्या रविवारी आपण उत्तरेच्या थंड समुद्रातल्या एका बेटाचा अल्बम लावला होता. तीन बायका, बारीक आवाज, तेच चार सूर परत परत. तू म्हणालीस अंगाई. मीही म्हटलं अंगाई. वर्षभरात पहिल्यांदा आपलं दोघींचं एक झालं होतं. तुला इतका आनंद झाला की अर्थ बघायला न थांबता तू फोन उचललास आणि तशीच शेजारी गेलीस. थोड्या वेळानं भिंतीपलीकडचं रडणं थांबलं. तू परत येऊन फोन दिलास तेव्हा कुठे मी अर्थ वाचला. ज्यांची माणसं होडी घेऊन गेली आणि परत आली नाहीत त्या बायकांचं ते गाणं होतं. त्या बेटावर ज्या घरात माणूस जातं तिथे जमून ते म्हणतात.

मी वाचून दाखवलं. तू पलंगावर बसलीस.

“पोट्टी झोपली ना पन?”

मी म्हटलं, तूच तर बघून आलीस.

“झोपली. मंग राहू दे. लतीले सांगू नोको. रडून रडून मानूस थकते, मंग त्याले बी झोपच येते.”

मग तू एकदम हसायला लागलीस. तुझ्या बाबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, भीमगीतांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी आणि पहाडी आवाजाची चार माणसं. त्यांचं रेकॉर्डिंग कोणी केलं नाही. तू म्हणालीस, केलं असतं तर तिकडे फ्रान्सात एखादी आत्या आणि तिची भाची रविवारी ते लावून बसल्या असत्या. आपले बाबा गळ्याच्या शिरा फुगवून हक्काचं गाऊन राह्यले असते, आणि ती आत्या म्हणाली असती, हे लेकराले झोपवाचं दिसते. डोळे पुसत हसत होतीस. लताताईंनी माझ्याकडून ते गाणं स्वतःच्या फोनवर घेतलं. तेव्हापासून त्यांची नात त्याच्याशिवाय झोपत नाही.

आत्या, तुला हे कधी नीट सांगितलं नाही. शाळेत मराठी बोललं की बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. घरी वऱ्हाडी निघालं की मम्मी म्हणायची, नीट बोल. पुण्याला वर्षभर नोकरीला होते तिथल्या मुलींना माझं ते नीट बोलणंही गावाकडचं वाटायचं, त्या प्रेमानं हसायच्या. इंग्रजी मला लिहिता येतं, पण चारचौघांत बोलायला लागले की वाक्य मध्येच वाळून जातं. म्हणून मी बोलणं कमी करत करत आणलं. लोकांना वाटतं शांत स्वभाव आहे. तुझ्या घरी जी भाषा वाजत असायची ती तुलाही येत नव्हती आणि मलाही येत नव्हती. तिथे नीट बोल म्हणायला कोणी उरत नव्हतं. तू तुझ्या वऱ्हाडीत चुकायचीस, मी माझ्या मराठीत चुकायचे, आणि मग आपण जेवायला बसायचो.

दवाखान्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण ते सोडून पुढे जाता येत नाही.

दुपारी भेटायची वेळ असायची. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. वायर लहान, म्हणून मी खुर्ची पलंगाला चिकटवून बसायचे आणि माझी मान आखडायची. वर्षातला शेवटचा अल्बम राहिला होता, वाळवंटाच्या काठावरच्या बायकांचा. एकच तार असलेलं वाद्य, आणि ते बायकाच वाजवतात. याला तू नाव ठेवलं नाहीस. शेवटच्या गाण्यात बाई एक ओळ म्हणते, मग कितीतरी वेळ काहीच म्हणत नाही, नुसती तार वाजत राहते. मग पुढची ओळ. तुझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपलीस. गाणं संपलं आणि तू डोळे न उघडता सांगितलंस.

“कोनीतरी लांबून घरी आलं हाये. घरातले सारे झोपले. त्यानं दार नाई वाजवलं. आंगनातच बसला.”

इतकं बोलायलाही तुला दम लागला होता. मग म्हणालीस, “तुह्यं सांग.”

माझं तयार होतं. तू सांगत होतीस तेव्हाच ते मला कळलं होतं, सगळंच्या सगळं. पण ते गाण्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त होतं, आणि तसलं मला पटकन सांगता येत नाही. तितक्यात दारावरचा माणूस भेटायची वेळ संपली म्हणून ओरडायला लागला, सिस्टर सलाईन बदलायला आल्या, पलीकडच्या पलंगावरच्या आजींचे पाहुणे त्यांच्या पिशव्या शोधायला लागले. मी तुझ्या कानातला इअरफोन काढला. म्हटलं, उद्या सांगते.

“बरं. अर्थ बी उद्याच पाहू.”

दुसऱ्या दिवशी तुला आतल्या खोलीत हलवलं होतं. तोंडावर मास्क, मशीनचे आवाज, आणि आत एकाच माणसाला सोडायचे, तेही काचेपर्यंत. मी पप्पांना जाऊ दिलं, ते तुझे भाऊ आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. किती दिवस, ते आता मला वेगवेगळं आठवत नाही. एकच लांब दुपार होती असं वाटतं.

त्या गाण्याचा अर्थ माझ्या फोनमध्ये आहे, बोट लावलं की दिसेल. मी लावलं नाही. माझं सांगून झालेलं नाही तोवर अर्थ बघता येत नाही, आणि मी सांगितलं नाही म्हणून तुझंही बरोबर की चूक हे ठरत नाही. सगळं त्या एका उत्तरापाशी अडून बसलं होतं. तू गेल्यावर मला रडू का येत नाही, असा विचार मीही केला, काकूंच्या आधी केला. मला वाटायचं, माझी सांगायची पाळी अजून झालेली नाही, आधी रडायचं कसं?

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. अंगणात मांडव, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, टेबलावर तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो. केसांना इतकं तेल लावलं होतंस की फोटोतही चमकतं. भंतेजींनी पंचशील दिलं, परित्राण पाठ झाला, आणि मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. आपल्याकडे ती असतातच आणि मला लहानपणापासून त्यांची भीती वाटते, कोणीतरी अचानक आपलंच नाव पुकारेल अशी. तुझ्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ म्हणाले, बाई अत्यंत वक्तशीर होत्या. पप्पा उभे राहिले, “माझी ताई” एवढं म्हणाले आणि बसले.

मग मूर्तिजापूरच्या काकू उठल्या. मी मनाची तयारी करून बसले होते, आता डब्यातला रेडिओ येणार. काकूंनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांना माहेरी जाता आलं नव्हतं. दुकानातल्या फोनवर आईचा कॉल आला. तेव्हा तीन मिनिटं झाली की ऑपरेटर लाइन तोडायची. तीन मिनिटं झाली, दोघी मायलेकी नुसत्या रडत होत्या, बोलणं काहीच झालं नव्हतं. मध्येच लाइनवर तुझा आवाज आला, “वहिनी, रडून घे. मी नाई तोडत.” काकूंनी माईक खाली ठेवला नाही, तसाच हातात धरून खुर्चीवर जाऊन बसल्या. कोणीतरी तो त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतला.

मला त्यांचा राग आला होता, तो कुठे ठेवावा ते कळेना.

तेवढ्यात लताताईंची नात रडायला लागली. गर्दी, माईकचा आवाज, तिची झोपायची वेळ. लताताई तिला घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं खिडकीतून तीन बारीक आवाज बाहेर आले.

बेटावरच्या बाया, आत्या. तेच चार सूर. लताताईंनी फोन ओट्यावर ठेवला असावा, किंवा कोण जाणे, त्या डब्यातच ठेवला असेल, कारण आवाज चांगला मोठा येत होता. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, लेकरू झोपवत आहेत म्हणून लोक समजुतीनं गप्प बसले. भंतेजीही थांबले. मांडवात फक्त मला माहीत होतं, ज्या घरात माणूस गेलं तिथे हे म्हणतात. त्या बाया इतक्या लांबून तुझ्या घरी आल्या होत्या आणि त्यांच्या रीतीप्रमाणे तुझ्यासाठी रडत होत्या. लताताईंना माहीत नाही, बाळाला माहीत नाही. गाणं संपेपर्यंत सगळा मांडव ऐकत बसला. रडणं थांबलं.

सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी विचारलं, आनखी कोनाले दोन शब्द बोलाचे हायेत का. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, मला सोडवण्यासाठी, शाळेत असल्यापासून ते तसंच करत आले आहेत. मी उठले. टेबलापर्यंत गेले. माईक उंच माणसासाठी लावलेला होता, तो खाली कसा करायचा ते मला येईना, म्हणून मी तो तसाच सोडला. लोकांकडे पाहणं जमणार नव्हतं. मी तुझ्या फोटोकडे वळले. मागे कोणीतरी खोकलं. काकूंचा आवाज आला, बोलू द्या तिले.

मी राहिलेलं माझं सांगितलं, “आत्या, घरातले सारे झोपले नोते. एक जन जागी होती. तिले पावलं आयकू आले होते. तिले फक्त हाक मारता आली नाई.”